न दिलेले घेऊ नये : मोबाईलच्या युगातील दुसरे शील

पंचशीलातील दुसरे शील आपण नित्य म्हणतो. 'अदिन्नादान' म्हणजे जे दिलेले नाही ते घेणे. त्यापासून अलिप्त राहण्याचा तो संकल्प आहे. ही कल्पना चोरीपेक्षा व्यापक असल्याने दिघोरीतील विद्यार्थ्याच्या मोबाईललाही ती लागू पडते.

प्रथम, दिलेले काय आहे? भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर, पुढील वर्षारंभापासून साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले ग्रंथ १ जानेवारी २०१७ पासून सर्वांना खुले झाले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' त्यांच्या पश्चात, १९५७ मध्ये प्रकाशित झाला; त्यामुळे त्याची मुदत वर्षभर पुढे गेली. हे मूळ ग्रंथ आपण मुक्तपणे वाटावेत. नवे अनुवाद, नवी भीमगीते व चित्रपट मात्र तसे खुले नाहीत. गायनावर संसार चालविणाऱ्या कलावंताचे गीत विनापरवाना पसरविणे म्हणजे त्याच्या श्रमाचे मोल हिरावणे होय. जाणूनबुजून केलेल्या अशा उल्लंघनास १९५७ च्या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

परंतु हक्करक्षणालाही मर्यादा हवी. जुलै २०१६ मध्ये 'ढिशूम' चित्रपटाच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने संकेतस्थळे सरसकट बंद करण्यास नकार दिला व पडताळणी केलेल्या दुव्यांपुरतीच मनाई केली. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. चोर शोधण्यासाठी प्रत्येकाच्या घरात डोकावणे, हेही न दिलेले घेणेच आहे.

हे सूत्र आपल्या दैनंदिन व्यवहारातही उतरावे. फुकट चित्रपटाच्या मोहाने घेतलेले अनोळखी ॲप संपर्कयादी व छायाचित्रे मागते. तेथे दुसऱ्याचे घेताना आपलेही हरवते. शिष्यवृत्तीसाठी जमविलेली आधारपत्रे, जातीचे दाखले, बँकेची पासबुके व्हॉट्सॲप समूहावर टाकू नयेत. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे.

पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी पुढे पाठविण्यापूर्वी एवढेच विचारावे : हे मला दिलेले आहे काय? ज्याचे आहे, त्याची संमती आहे काय? शील पाठ करणे सोपे आहे. एकांतात, हातातल्या पडद्यासमोर ते पाळणे, हीच खरी साधना.