पटावर यंत्र पुढे, गटात कोण?

मैत्रिणींनो, कृत्रिम बुद्धिमत्ता आता मोबाइलवर आली. संगणक हाताशी असलेल्या माणसाच्याही ती पुढे जाईल का? बुद्धिबळाचं उदाहरण पाहू.

१९९७ साली ‘डीप ब्लू’ या संगणकाने जगज्जेत्या कास्पारोव्हला हरवलं. मग कास्पारोव्हनेच सुचवलं, माणूस आणि संगणक जोडीने खेळू द्या. २००५ च्या अशा स्पर्धेत ग्रँडमास्टर मागे पडले आणि दोन हौशी खेळाडू तीन संगणक घेऊन जिंकले. संगणकाला काय विचारायचं, कधी कोणाचं ऐकायचं, हे त्यांना नेमकं कळत होतं.

ही जोडी कायम पुढे राहिली का? नाही. आज संगणक एकटाच इतका भारी खेळतो की माणसाने त्याची चाल बदलली तर ती बहुधा बिघडतेच.

असं का झालं? पटावर ६४ घरं, नियम ठरलेले, सगळं डोळ्यांसमोर. अशा कामात यंत्र पुढे जाणारच. आपल्या गटाची बेरीज, व्याजाचा हिशोब असाच आहे. पण ताईचा हप्ता का थकला, घरी कोण आजारी आहे, कर्जाचे पैसे तिच्याच हातात राहतील का, हे नोंदवहीत नसतं. ते बैठकीत गोल बसल्यावर कळतं. न विचारता यंत्राचं ‘नाही’ मान्य केलं, तर गरजू ताईच मागे राहील.

बैठकीत चर्चा करा:
१. गटाची कोणती कामं यंत्राला द्यायची?
२. कोणता निर्णय आपणच घ्यायचा, आणि का?