मुंबईचा महापौर

आमच्या रात्रीच्या वर्गात एक बाई येतात. त्या चार महिने जोगेश्वरीला लेकाकडे राहून आल्या. तिथे चाळीपुढचे गटार तुंबले होते. एक शेजारी म्हणाला, "महापौरांना लिहा." दुसरा म्हणाला, "वॉर्ड ऑफिसात जा." बाईंनी आम्हांला विचारले, "गुरुजी, महापौर म्हणजे मुंबईचा सरपंचच ना? मग त्यालाच का सांगू नये?"

प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर आपण पाहू.

मुंबईची नगरसभा १८७३ साली भरली. तिच्यात ६४ सभासद होते. त्यांतले निम्मे कर भरणाऱ्यांनी निवडले होते. गरिबाला मत नव्हते. सभेच्या प्रमुखाला तेव्हा अध्यक्ष म्हणत. सर फिरोजशहा मेहता चार वेळा अध्यक्ष झाले.

१८८८ साली मोठा कायदा झाला. त्याने कारभाराच्या वाटण्या केल्या. सभेने ठरवावे, स्थायी समितीने पैशाकडे लक्ष द्यावे आणि आयुक्ताने काम करावे. आयुक्त हा सरकारने नेमलेला अधिकारी. लोक त्याला निवडत नाहीत.

१९३१ साली अध्यक्षाला 'मेयर' हे नाव मिळाले. जहांगीर बोमन बेहराम हे पहिले मेयर. 'महापौर' हा मराठी शब्द सावरकरांनी सुचवला. पौर म्हणजे नगरात राहणारा. त्यांत जो मोठा, तो महापौर.

नाव मोठे झाले. पण तिजोरीची किल्ली आयुक्ताकडेच राहिली. आपला सरपंच पंचायतीच्या पैशाच्या कागदावर सही करतो. महापौराचे तसे नाही. तो सभा चालवतो. दोन्हीकडे सारखी मते पडली, तर त्याचे जादा मत निकाल लावते. शहराचा पहिला नागरिक म्हणून तो पाहुण्यांचे स्वागत करतो. १९९८ साली कारभाराची सत्ता महापौराच्या हाती देण्याचा प्रयोग झाला. १९९९ साली तो बंद पडला.

आता जोगेश्वरीकडे येऊ. १९४८ साली मुंबईत प्रत्येक प्रौढ माणसाला पालिकेचे मत मिळाले. मात्र जोगेश्वरी तेव्हा पालिकेच्या बाहेर होती. १९५० साली हद्द वाढली आणि पश्चिमेच्या रेल्वेने जोगेश्वरीपर्यंत आली. १९५७ साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. अशी उपनगरे आत आली. त्यांच्यावर पालिकेचा कर बसला, तसा त्यांना मताचा हक्कही मिळाला. याच काळात, १९५६ साली, सुलोचना मोदी या मुंबईच्या पहिल्या महिला महापौर झाल्या.

महापौराला लोक थेट निवडत नाहीत. लोक नगरसेवक निवडतात आणि नगरसेवक महापौर निवडतात. २०१७ साली असे २२७ नगरसेवक निवडून आले. २०२२ च्या मार्चमध्ये त्यांची मुदत संपली. पुढची निवडणूक वेळेवर झाली नाही. तीन वर्षांहून जास्त काळ नगरसेवक नव्हते, महापौरही नव्हता. आयुक्तच प्रशासक होता. झाडलोट चालू होती, नळाला पाणी येत होते. पण सभेत उभे राहून "आमच्या वस्तीचे काय?" असे विचारणारा कोणी उरला नव्हता. नुसत्या मानाचे पद म्हणून महापौरपदाला हसू नये, ते यासाठी. महापौराची खुर्ची म्हणजे लोकांच्या सभेची खुर्ची. ती रिकामी, तर सभाही रिकामी.

मग बाईंनी काय करावे? आधी वॉर्ड ऑफिसात लेखी तक्रार द्यावी. तक्रारीचा नंबर मागून घ्यावा. काम झाले नाही, तर तो नंबर घेऊन नगरसेवकाकडे जावे. नगरसेवक ते सभेत मांडू शकतो.

बाईंनी दुसऱ्या दिवशी पाटीवर अर्ज लिहून आणला. 'गटार' शब्दात एक काना राहिला होता. तो त्यांनीच दिला. मग अर्ज कागदावर उतरवून लेकाला धाडला. खाली अंगठा नव्हता, सही होती.

शब्दार्थ
हद्द – सीमा
आयुक्त – पालिकेचा मुख्य अधिकारी
प्रशासक – निवडलेली सभा नसताना कारभार पाहणारा अधिकारी

प्रश्न
१. महापौराला कोण निवडते?
२. सरपंच आणि महापौर यांच्यात फरक कोणता?
३. जोगेश्वरी मुंबई पालिकेत केव्हा आली?
४. तुमच्या वस्तीतल्या एका अडचणीविषयी चार ओळींचा अर्ज लिहा. खाली सही करा.