वाहाकाच्या बाजारात जेवायला



नकाशावर मेक्सिको दाखवला की मुलं राजधानी पाठ करतात आणि पुढे जातात. तिथली माणसं काय खातात, कधी जेवतात, विचारलं की वर्ग गप्प! म्हणून हा पाठ दक्षिण मेक्सिकोतल्या वाहाका शहराचा.

आधी नाव. ते 'ग्वाहे' झाडावरून पडलं. ग्वाहे म्हणजे आपली सुबाभूळ! आपण ती शेळ्यांना घालतो, तिथे शेंगांतल्या बिया माणसं खातात. मुलं हसतात. हसू द्या. मग विचारा, आपण शेवग्याचा पाला खातो हे ऐकून कोण हसेल?

मुख्य जेवण दुपारी साधारण 2 ते 4. छोट्या खाणावळीत सूप, भात, एक मुख्य पदार्थ आणि फळांचं सरबत ठरलेल्या पैशांत मिळतं, म्हणजे आपली राइस प्लेटच. शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसालाही 'प्रोवेचो' म्हणायची रीत आहे. म्हणजे जेवण अंगी लागो. जेवल्यावर लगेच उठायचं नाही, गप्पा मारत बसायचं. या बसण्यालाही 'सोब्रेमेसा' असा शब्द आहे. संध्याकाळी सगळे 'सोकालो' या मुख्य चौकात, झाडांखाली.

'20 नोव्हेंबर' नावाच्या बाजारात एक धुराची गल्ली आहे. मांस वजनावर घ्यायचं, ते तिथेच कोळशावर भाजून देतात. रोट्या, कांदा वेगळ्या बाईकडून. लसूण-मीठ-लिंबू लावून भाजलेले नाकतोडेही मिळतात.

पण खरा पाठ रोटीत आहे. मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन वाटतात, त्याची 'तोर्तिया' होते. चुन्यामुळे साल सुटते आणि मक्यात अडकून बसलेलं नायसिन हे जीवनसत्त्व अंगाला मिळतं. मका युरोपात गेला, ही रीत मात्र गेली नाही. मग केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा झाला. कातडी सोलायची, शेवटी भ्रम व्हायचा, माणसं दगावायची. मेक्सिकोतल्या बायका हे काम हजारो वर्षं करत होत्या, आणि आपण त्याला नुसतं 'पारंपरिक' म्हणून सोडून देतो!

वर्गात करून बघा. वाळलेला मका दोन भांड्यांत उकळा, एकात साधं पाणी, दुसऱ्यात खायच्या चुन्याचं. दुसऱ्या दिवशी दाणे धुऊन मुलांना चोळायला द्या. चुना मात्र मोठ्यांनीच हाताळावा, डोळ्यांत गेला तर इजा होते.