दोन हातांचे काम : हालचालींचा अभ्यास आणि श्रमांची बचत

पुणे–लोणावळा लोहमार्गावरील कासारवाडी हे एके काळी शेतीवाडीचे गाव होते. शेजारच्या पिंपरी येथे 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली आणि पुढे भोसरी, चिंचवड, आकुर्डी, चाकण असा कारखान्यांचा पट्टाच तयार झाला. आज कासारवाडी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. तेथे वाफेवर चालणाऱ्या यंत्रणेची उपकरणे बनविणारा फोर्ब्स मार्शलचा कारखाना आहे. परंतु येथूनच नाशिककडे फुटणाऱ्या रस्त्याने थोडे उत्तरेस गेले की चाकणचा कांदा बाजार आणि खेड तालुक्यातील कांद्याचे वाफे लागतात. कारखाना आणि शेत ही दोन्ही या पट्ट्यात एकमेकांच्या शेजारी नांदत आहेत.

या शेजारामुळे शेतकऱ्यापुढे एक अडचण उभी राहिली आहे. गावातील तरुण मनुष्यबळ कारखान्यांकडे वळते आणि लागण, खुरपणी, काढणी यांच्या ऐन हंगामात माणसे मिळेनाशी होतात. कारखान्यांशी मजुरीच्या दरात बरोबरी करणे लहान शेतकऱ्यास शक्य नसते. मात्र कारखान्यांनी विकसित केलेली एक विद्या त्यास विनामूल्य उचलता येण्यासारखी आहे. तीच ती हस्तहालचालींच्या विश्लेषणाची विद्या होय. एकच काम दिवसातून हजारो वेळा करावयाचे असेल, तर त्यात उजवा हात काय करतो, डावा हात काय करतो आणि कोणता हात केव्हा रिकामा असतो, याची बारकाईने नोंद करून कामाची पद्धत सुधारणे, हे तिचे सार आहे.

या विद्येचा उगम

अमेरिकेतील फ्रँक गिलब्रेथ (1868–1924) हा मूळचा गवंडीकाम शिकलेला गृहस्थ. प्रत्येक गवंडी वीट निराळ्या तऱ्हेने लावतो आणि विटेसाठी वारंवार कमरेत वाकतो, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने विटा व चुना गवंड्याच्या हाताच्या उंचीवर राहतील असा वरखाली करता येणारा परांचा तयार केला. विटांची चांगली बाजू आधीच पाहून त्या फळ्यांवर रचून ठेवण्याची व्यवस्था केली. एक वीट लावण्यास लागणाऱ्या 18 हालचाली त्यामुळे 5 वर आल्या आणि तासाला 120 विटा लावणारा गवंडी 350 विटा लावू लागला. येथे कामाची घाई वाढली नव्हती, तर निरर्थक हालचाली गळून पडल्या होत्या, हे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. पत्नी लिलियन गिलब्रेथ (1878–1972) हिच्या सहकार्याने त्याने हा अभ्यास पुढे नेला.

राल्फ बार्न्स यांनी 1937 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विद्येचे नियम सूत्रबद्ध केले. भारतात 1958 साली राष्ट्रीय उत्पादकता परिषदेची स्थापना झाली आणि कार्य-अभ्यासाच्या प्रसारास चालना मिळाली. शेतीलाही ही विद्या परकी नाही. अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात 1943 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, गोठ्यातील रोजच्या कामांची मांडणी बदलल्याने दररोज सुमारे 2 तासांचा वेळ आणि सुमारे 2 मैलांची चाल वाचल्याचे दिसून आले.

दोन हातांचा तक्ता

विश्लेषणाचे मुख्य साधन म्हणजे दोन हातांचा तक्ता. कागदाच्या मधोमध उभी रेघ ओढावी. डावीकडे डाव्या हाताच्या आणि उजवीकडे उजव्या हाताच्या हालचाली क्रमाने लिहाव्यात. एकाच वेळी घडणाऱ्या हालचाली एकाच ओळीत याव्यात. प्रत्येक हालचाल पुढील चारपैकी एका सदरात बसते : 1) क्रिया, म्हणजे उचलणे, बसविणे, कापणे, 2) ने-आण, म्हणजे हात एका जागेहून दुसऱ्या जागी नेणे, 3) धरणे, म्हणजे वस्तू नुसती पकडून ठेवणे, 4) थांबणे, म्हणजे हात रिकामा असणे.

बार्न्स यांच्या ग्रंथातील एक जुळणी उदाहरणादाखल घेऊ. बोल्टमध्ये तीन वॉशर, कामगारांच्या बोलीत वायसर, ओवावयाचे होते : प्रथम लॉक वायसर, नंतर पोलादी वायसर आणि शेवटी रबरी वायसर. जुन्या पद्धतीचा तक्ता असा होता :

1. डावा हात बोल्ट उचलून समोर आणतो. उजवा हात थांबतो.
2. डावा हात बोल्ट धरून ठेवतो. उजवा हात लॉक वायसर आणून ओवतो.
3. डावा हात बोल्ट धरून ठेवतो. उजवा हात पोलादी वायसर आणून ओवतो.
4. डावा हात बोल्ट धरून ठेवतो. उजवा हात रबरी वायसर आणून ओवतो.
5. डावा हात तयार नग डबीत टाकतो. उजवा हात थांबतो.

तक्ता पाहताच दोष उघड होतो. डावा हात बहुतेक वेळ केवळ धरण्याचे काम करतो. जे काम लाकडाच्या ठोकळ्यास साधेल, त्यासाठी माणसाचा हात खर्ची पडतो आहे.

सुधारित पद्धतीत समोर एक लाकडी साचा ठेवला गेला व त्यात दोन खळगे कोरण्यात आले. साच्याभोवती उतरत्या तळाचे कप्पे अर्धवर्तुळात मांडले गेले. प्रत्येक मालाचे दोन कप्पे होते, एक डाव्या हातासाठी आणि एक उजव्या हातासाठी. दोन्ही हात एकाच वेळी रबरी वायसर सरकवून खळग्यात सोडतात, त्यावर पोलादी वायसर आणि त्यावर लॉक वायसर. शेवटी दोन्ही हातांनी एकेक बोल्ट वरून दाबला जातो. रबरी वायसरचे भोक बोल्टपेक्षा किंचित लहान असल्याने तिन्ही वायसर बोल्टवर अडकून राहतात. तयार नग शेजारच्या घसरपट्टीत सोडला की तो आपोआप खालच्या डब्यात जातो. अशा रीतीने एका फेरीत दोन नग पूर्ण होतात.

जुन्या पद्धतीत एका नगास सरासरी 0.084 मिनिट, म्हणजे सुमारे 5 सेकंद लागत. नव्या पद्धतीत 0.055 मिनिट, म्हणजे 3.3 सेकंद पुरले. याच हिशेबाने तासाला सुमारे 714 नगांच्या जागी 1,090 नग होतात. उत्पादन 53 टक्क्यांनी वाढले ते एका लाकडी ठोकळ्याने व कप्प्यांच्या नव्या मांडणीने.

ध्यानात ठेवावयाचे नियम

1. शक्य असेल तेथे दोन्ही हातांनी काम एकदम सुरू करावे व एकदम संपवावे. विश्रांतीखेरीज दोन्ही हात एकाच वेळी रिकामे नसावेत.
2. हात परस्परविरुद्ध दिशांनी, सारख्या अंतरावर हलावेत. त्यामुळे शरीराचा तोल राहतो.
3. बोटे, मनगट, कोपरापुढील हात, संपूर्ण हात, खांदा अशी हालचालींची चढती भाजणी आहे. जे काम बोटांनी व मनगटाने भागते त्यासाठी खांदा व कंबर वापरू नये.
4. धरण्याचे काम साचा, चाप किंवा पाय यांजकडे सोपवावे.
5. माल व हत्यार यांची जागा ठरलेली व हाताच्या टप्प्यात असावी.
6. माल पुढे येण्यासाठी व तयार वस्तू खाली जाण्यासाठी उताराचा उपयोग करावा.

हे नियम परदेशी ग्रंथांतून आले असले तरी त्यांचे आचरण आपल्या घरांत जुने आहे. विळीचा पाट पायाखाली दाबला की पाते स्थिर राहते आणि भाजी चिरण्यास दोन्ही हात मोकळे होतात. पायाने धरण्याचा नियम तो हाच. कापूस वेचणारी स्त्री कमरेला ओटी बांधते, ती टोपली धरण्यात एक हात अडकू नये म्हणूनच. दूध काढताना दोन्ही मुठी आळीपाळीने आवळल्या जातात आणि कोणताच हात रिकामा राहत नाही. जे ज्ञान विळीत व ओटीत आहे, तेच जाणीवपूर्वक इतर कामांस लावावयाचे आहे.

कांद्याच्या लागणीत उपयोग

कांद्याची लागण सामान्यतः 15 × 10 सेंटिमीटर अंतरावर करतात. पाट व वरंबे यांची जागा वजा न केल्यास, या अंतराने एकरी सुमारे 2 लाख 70 हजार रोपे बसतात. एका रोपामागे केवळ 1 सेकंद वाचला तरी एकरामागे 75 तास, म्हणजे 8 तासांचे नऊ दिवसांहून अधिक काम वाचते. यावरून सेकंदाचे मोल कळून येईल.

नेहमीच्या पद्धतीत डाव्या हातात रोपांची जुडी असते. उजवा हात जुडीकडे जातो, गुंतलेल्या मुळांतून एक रोप सोडवितो, जमिनीकडे येतो व रोप लावतो. येथे डावा हात केवळ धरणारा आहे आणि उजव्या हाताचा वेळ रोप सोडविण्यात जातो. पुढील सुधारणा सहज करता येतात :

पहिली, रोपे वाफ्यावर नेण्यापूर्वी निवडून घ्यावीत, मुळे एका बाजूस जुळवावीत आणि शेंड्याकडील एक-तृतीयांश पात छाटावी. दुसरी, जुड्या एका मुठीत मावतील एवढ्याच करून वाफ्यात ठरावीक अंतरावर आधीच टाकून ठेवाव्यात. जुडीसाठी उठावे लागू नये. तिसरी व महत्त्वाची, उजवा हात रोप लावीत असतानाच डाव्या हाताच्या अंगठ्याने पुढील रोप जुडीबाहेर सरकवावे आणि डावा हात लागणीच्या जागेजवळच ठेवावा. म्हणजे धरणारा हात पुरविणारा हात बनतो. सवय होईपर्यंत एक-दोन दिवस काम किंचित मंद होईल. तेवढ्यावरून पद्धत सोडून देऊ नये.

पात कापण्याच्या कामात उपयोग

सुकविलेल्या कांद्याची पात, मान सुमारे अडीच सेंटिमीटर ठेवून कापतात. कांदा सरासरी 80 ग्रॅमचा धरल्यास एका क्विंटलमध्ये 1,250 कांदे येतात. येथे एक हात कांदा धरणारा व दुसरा विळा चालविणारा असणे अपरिहार्य आहे. दोन्ही हातांनी दोन कांदे एकदम कापण्याचा प्रयत्न केल्यास बोटे कापली जातील. सबब प्रत्येक काम दोन हातांत सारखे विभागता येतेच असे नाही. अशा वेळी पल्ला कमी करणे हाच उपाय.

तक्ता केल्यास असे आढळते की कापलेला कांदा पुष्कळदा दूरच्या ढिगावर फेकला जातो, नंतर प्रतवारीसाठी तोच कांदा पुन्हा उचलावा लागतो. कापावयाचा ढीग डाव्या हाताशी, कापलेली पात पुढ्यात आणि क्रेट किंवा पाट्या डाव्या गुडघ्याजवळ ठेवल्यास, कांदा कापताच तोच हात आकारानुसार योग्य पाटीत सोडू शकतो. एका कांद्यामागे 2 सेकंद वाचले तर 100 क्विंटलमागे सुमारे 69 तास वाचतात. बसण्यास उंच पाट दिल्यास उकिडवे बसण्याने गुडघ्यांवर येणारा ताणही कमी होतो.

ग्रामकार्यकर्त्यांनी करावयाचे निरीक्षण

निरीक्षणास आरंभ करण्यापूर्वी काम करणाऱ्या व्यक्तीस हेतू समजावून सांगून तिची संमती घ्यावी. प्रथम एका हाताच्या व मग दुसऱ्या हाताच्या हालचाली पाहून तक्ता भरावा. निदान दहा फेऱ्यांचा वेळ घेऊन सरासरी काढावी. त्यानंतर प्रत्येक ओळीस प्रश्न विचारावेत : ही हालचाल गाळता येईल काय? दुसरीशी जोडता येईल काय? क्रम बदलता येईल काय? सोपी करता येईल काय? उत्तरे प्रथम काम करणाऱ्याकडूनच घ्यावीत. वर्षानुवर्षे लागण करणाऱ्या स्त्रीस जे ठाऊक असते ते निरीक्षकास एका दिवसात कळत नाही. नवी पद्धत एका वाफ्यावर करून पाहावी, पुन्हा वेळ मोजावा आणि फरक सर्वांसमक्ष सांगावा.

वाचलेले श्रम कोणाचे?

या विद्येचा इतिहास एक इशाराही देतो. अमेरिकेतील वॉटरटाऊन येथील सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात 1911 साली कामगारांच्या कामाचा वेळ घड्याळाने मोजण्यास आरंभ होताच ओतकाम करणाऱ्यांनी संप केला. पुढे 1915 साली तेथील संसदेने लष्करी खात्याच्या कामात अशा वेळमोजणीस बंदी घातली आणि ती 1949 पर्यंत टिकली. कामगारांचा विरोध घड्याळास होता त्याहून अधिक, घड्याळाच्या आधारे दर कापले जातील या भीतीस होता.

ही भीती शेतावर व नगावर मजुरी घेऊन घरी जुळणी करणाऱ्या स्त्रियांच्या बाबतीतही खरी ठरू शकते. बाई दिवसाला अधिक नग करू लागली म्हणून नगामागचा दर उतरविला, तर तिच्या पदरी केवळ अधिक थकवा पडतो आणि पुढची सुधारणा ती कोणासही दाखविणार नाही. म्हणून पद्धत बदलण्यापूर्वीच बचतीच्या वाटणीचा करार व्हावा. उक्त्या कामात दर कायम ठेवावा. रोजंदारीत काम लवकर आटोपल्यास सुटी लवकर द्यावी किंवा मजुरीत वाढ करावी.

तसेच हालचाली कमी झाल्या म्हणजे विश्रांतीची गरज संपली असे नव्हे. एकच हालचाल तासन्‌तास केल्याने मनगट, बोटांचे स्नायुबंध व खांदे दुखावतात. दर तासाला थोडी विश्रांती द्यावी व दिवसातून दोन-तीन वेळा कामांची अदलाबदल करावी. वाचलेल्या वेळेचा काही भाग या विश्रांतीस दिला तरी शेतकऱ्याचे नुकसान होत नाही, कारण थकलेला हात रोप वाकडे लावतो आणि कांद्याची मान खोल कापतो.

या सुधारणांस यंत्र लागत नाही, कर्ज लागत नाही. कागद, पेन्सिल, सेकंदकाट्याचे घड्याळ आणि काम करणाऱ्याविषयी आदर एवढीच सामग्री पुरेशी आहे. येत्या हंगामात प्रत्येक गावाने निदान एका कामाचा दोन हातांचा तक्ता तयार करावा आणि त्यातून निघालेली सुधारणा शेजारच्या गावास दाखवावी. मनुष्यबळाच्या टंचाईच्या काळात हाती असलेल्या दोन हातांचा पुरेपूर व सुखकर उपयोग करून घेणे, यातच शेतकरी आणि शेतमजूर या दोघांचे हित आहे.