जंगलात मुक्काम? आधी एवढी तयारी करू

चाकण-भोसरीत गुरुवारची सुट्टी आली की मुलांना कान्हेरी दाखवायचा बेत ठरतो. ही लेणी बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. उद्यान सोमवारी बंद असते. लेण्यांत रात्री राहता येत नाही. मुक्काम वनखात्याने परवानगी दिलेल्या जागीच करावा.

पाणी : शंभराहून अधिक लेण्यांच्या या विहारात भिक्खूंनी पावसाचे पाणी साठवायला खडकात पोढ्या खोदल्या. तयारी पाण्यापासून करावी, हे आपण त्यांच्याकडून शिकू. पण पोढीतले पाणी पिऊ नये. घरून उकळून न्यावे.

झोप : रात्रपाळी करून लगेच गाडी चालवू नये.

औषधे : बीपी-शुगरच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्यात.

साप : मण्यार रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्याला चावतो. चावल्याचे दुखत नाही, खूण दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात. म्हणून मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचूनच झोपावे, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकू नये. साप चावलाच तर जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. हात-पाय हलू न देता १०८ला फोन करून सरकारी दवाखाना गाठावा. विषावर प्रतिविषाची लस हाच इलाज आहे, मांत्रिक नव्हे.

जवळचा सरकारी दवाखाना कोणता, हे निघण्यापूर्वीच विचारून कागदावर लिहून ठेवू. बॅग भरताना तो कागद सर्वांत वर असावा.