एक दिवा, एक पुस्तक आणि सगळं घर : व्हिक्टोरियन काळातलं घरगुती वाचन



"मुलं वाचतच नाहीत" ही तक्रार पालकसभेत हमखास येते. त्यावर आपण सांगतो तो उपाय बहुधा एकच असतो, रोज पंधरा मिनिटं वाचायला बसवा. पण घरात वाचन रुजतं कसं? हे समजून घ्यायला इंग्लंडमधल्या राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं (१८३७ ते १९०१) घर पाहण्यासारखं आहे.

पुस्तक महाग, म्हणून वाटून वाचायचं

त्या काळी नवी कादंबरी बहुतेक वेळा तीन खंडांत निघायची. किंमत साडेएकतीस शिलिंग. १८५० च्या सुमारास इंग्लंडमधल्या शेतमजुराला आठवड्याला साधारण दहा शिलिंग मिळत. म्हणजे एका कादंबरीला तीन आठवड्यांची मजुरी! मध्यमवर्गीय घरालासुद्धा ती विकत घेणं जड जायचं.

मग दोन वाटा निघाल्या. पहिली वाट वर्गणीच्या वाचनालयाची. लंडनमधलं मुडी यांचं वाचनालय १८४२ मध्ये सुरू झालं. वर्षाला एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग भरले की एका वेळी एक खंड घरी नेता यायचा. पहिला खंड सगळ्यांचा वाचून झाला की तो परत करून दुसरा आणायचा.

दुसरी वाट हप्त्यांची. चार्ल्स डिकन्स यांची 'पिकविक पेपर्स' ही कादंबरी १८३६-३७ मध्ये मासिक भागांतून आली. एका भागाला एक शिलिंग. १८५० मध्ये त्यांनी सुरू केलेलं 'हाउसहोल्ड वर्ड्स' हे साप्ताहिक तर दोन पेनीला मिळायचं (१२ पेनी म्हणजे एक शिलिंग). पुढचा भाग येईपर्यंत थांबावंच लागे. मधल्या दिवसांत "आता पुढं काय होणार?" यावर जेवताना चर्चा व्हायची. ही उत्सुकता फार मोलाची होती.

दिवा एक, वाचणारा एक

संध्याकाळी उजेड कमी असायचा. मेणबत्त्या, तेलाचे दिवे, शहरात काही घरांत गॅसचे दिवे. चांगला उजेड एकाच टेबलाभोवती, म्हणून सगळे तिथंच बसत. वडील, आई किंवा मोठं भावंडं मोठ्याने वाचायचं. बाकीचे ऐकायचे. बायका आणि मुली ऐकता ऐकता शिवणकाम, रफू करत. हात कामात, कान गोष्टीत!

यात लहान मुलांचं किती शिक्षण होत असेल बघा. अवघड शब्दाचा उच्चार कानावर पडायचा. कुठे थांबायचं, संवाद कसा म्हणायचा, हे न शिकवता समजायचं. अजून अक्षरओळख नसलेल्या मुलालाही पूर्ण गोष्ट मिळायची.

धार्मिक घरांत दिवसाची सुरुवात प्रार्थना आणि बायबलच्या वाचनाने होई. त्या वेळी नोकरमाणसांनाही बोलावलं जायचं. रविवारी मात्र अनेक घरांत कादंबरीला बंदी. १८७९ मध्ये 'बॉइज ओन पेपर' आणि १८८० मध्ये 'गर्ल्स ओन पेपर' ही एक पेनीची साप्ताहिकं आली. त्यामुळे मुलांच्या हातात त्यांचं स्वतःचं वाचन आलं.

ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांचं काय?

१८४१ च्या सुमारास इंग्लंड-वेल्समधल्या विवाह नोंदींत साधारण एक तृतीयांश नवरदेव आणि जवळजवळ निम्म्या नवऱ्या मुली सहीऐवजी फुली मारत. म्हणजे निरक्षरता भरपूर होती. तरी अशी माणसंही ऐकून वाचनात सामील होऊ शकत होती. एकाला वाचता येत असलं तरी चार जणांना बातमी कळायची. १९०० पर्यंत फुली मारणारे शंभरात तीनच्या आसपास उरले.

हे चित्र सगळ्याच घरांचं नव्हतं, हेही लक्षात ठेवू. गरीब घरांतली मुलं कामावर जायची, त्यांना ना वेळ ना दिवा. आणि मुलींनी काय वाचायचं, हे बऱ्याचदा घरातली मोठी माणसंच ठरवत.

शाळेत मात्र वेगळं घडत होतं

हा भाग आपण शिक्षकांनी नीट वाचावा. १८६२ मध्ये सरकारने नियम केला की शाळेचं अनुदान मुलांची हजेरी आणि वाचन-लेखन-गणिताची परीक्षा यांवर ठरेल. निरीक्षक येऊन एकेका मुलाला वाचायला लावायचे. मूल नापास झालं की शाळेचे पैसे कापले जायचे. मग काय, तेच ते पुस्तक घोकून घेतलं जाऊ लागलं. कवी मॅथ्यू अर्नोल्ड स्वतः शाळा निरीक्षक होते. त्यांनी या पद्धतीवर कडक टीका केली. वाचन यांत्रिक होतंय, हे त्यांना दिसत होतं.

एकाच देशात, एकाच काळात दिव्याजवळ वाचन म्हणजे गोष्ट होती आणि शाळेत वाचन म्हणजे तपासणी. आज आपण मुलाला "वाचून दाखव बघू, येतं का" म्हणतो, तेव्हा नकळत घरातही तपासणीच आणतो.

आपण काय करू शकतो?

आपल्याकडेही चातुर्मासात 'हरिविजय', 'पांडवप्रताप' अशी पोथी लागायची. एक जण वाचायचा, आळीतले ऐकायला यायचे. ही सवय आपल्याला परकी नाही.

१. रोज दहा मिनिटं मोठ्या माणसाने वाचावं, मुलाने फक्त ऐकावं. मध्ये प्रश्न नकोत.
२. गोष्ट रंगात आली की थांबावं. उरलेली उद्या.
३. ऐकताना मुलाला चित्र काढू द्या, शेंगा सोलू द्या. हात चालू असले तरी लक्ष असतं.
४. आजीला किंवा आईला वाचता येत नसेल तर तिलाही सोबत बसवा. मूल तिच्यासाठी आवडीने वाचेल.
५. वर्गात एक मोठं पुस्तक महिनाभर हप्त्याहप्त्याने वाचा. त्यावर गुण देऊ नका.

तपासणी शाळेच्या वेळापत्रकात आहेच. घरातली ती दहा मिनिटं तरी गोष्टीसाठी राहू द्या.