तेल्यावरची पावडर माणसाचीच?

प्रश्न : डाळिंबावरच्या तेल्या या जिवाणूजन्य रोगासाठी आम्ही स्ट्रेप्टोसायक्लिन फवारतो. हे माणसांचंच अँटिबायोटिक का?
– एक बागायतदार, आटपाडी (जि. सांगली)

उत्तर : हो. त्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन, एक भाग टेट्रासायक्लिन. दोन्ही जिवाणूंचं प्रथिनं बनवण्याचं काम बिघडवतात. पेनिसिलिन मात्र त्यांची पेशीभिंत बांधू देत नाही. क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं देतात, तेव्हा काहींच्या आतल्या कानाला इजा होऊन तोल जातो, कधी कायमचा बहिरेपणा येतो. टेट्रासायक्लिनने लहान मुलांचे दात पिवळे पडतात. फवारणीतून एवढा डोस अंगात जात नाही. मला धास्ती आहे ती औषधाला सरावलेल्या जिवाणूंची. केंद्राने या मिश्रणावरील बंदीचा मसुदा २०२१मध्येच काढला होता. म्हणून फवारण्याआधी कृषी अधिकाऱ्यांना विचारा. आणि बुरशीच्या डागांवर तर ही पावडर निव्वळ वाया!